सायकलीवर पैसा कोठे खर्चावा?

नवी वस्तू घरात आली की प्रथम काही दिवस तिचे कौतुक होते, आणि मग हळूहळू तिच्यातील उणिवा डोळ्यांत भरू लागतात. हे सर्वच वस्तूंच्या बाबतीत घडते. परंतु सायकलीच्या बाबतीत ते फार झपाट्याने घडते. सायकलीचा जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, वेगळा विकत मिळतो आणि वेगळा बसविता येतो. घर बांधून झाल्यावर त्याचा पाया कोणी बदलीत नाही. सायकलीचे चाक मात्र पाच मिनिटांत बदलता येते. मोहाला वाव मिळतो तो या सोयीमुळेच.

बऱ्हाणपूर शहरासमोर, तापीच्या दुसऱ्या तीरावर जैनाबाद हे गाव आहे. फारुकी सुलतानांच्या काळात एका तीरावरील नगराला शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे आणि समोरच्या वस्तीला शेख जैनुद्दीन यांचे नाव मिळाले. शाहजहानची बेगम मुमताजमहल 1631 साली बऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा तिचे पहिले दफन जैनाबादच्या बागेत झाले. आज हा परिसर केळीच्या बागांसाठी आणि पलीकडचे शहर यंत्रमागांसाठी ओळखले जाते. जळगाव जिल्ह्याची सीमा जवळच असल्यामुळे मराठी बोलणारी घरे येथे पुष्कळ आहेत. काळ्या रंगाची, उभ्या हँडलची, मागे भक्कम कॅरियर असलेली सायकल या भागाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. वाकड्या हँडलची, अरुंद टायरची, जिला तरुण मंडळी ‘रोड बाईक’ म्हणतात ती सायकल मात्र येथे अलीकडची पाहुणी होय.

समजा, केळीचा भाव एका हंगामात बरा लागला आणि जैनाबादच्या एका शेतकऱ्याने कॉलेजात जाणाऱ्या मुलाला पंचवीस-तीस हजार रुपयांची अशी सायकल घेऊन दिली. पहिला महिना आनंदात गेला. दुसऱ्या महिन्यात मुलाच्या कानांवर नाना सल्ले येऊ लागले. कोणी म्हणतो, चाके कार्बनची हवीत. कोणी म्हणतो, गिअरचा संपूर्ण संच बदलल्याशिवाय या सायकलीत राम नाही. तिसरा वजन कमी करण्याचे उपाय सांगतो. मुलाजवळ सुट्टीत कामे करून साठविलेले दहा हजार रुपये आहेत. वर्षभरात पुन्हा इतके जमण्याचा संभव नाही. वडिलांना एवढेच कळते की, नव्या सायकलीवर पुन्हा पैसे घालावयाचे म्हणजे एक तर सायकल वाईट निघाली, नाहीतर मुलगा उधळ्या निघाला. दहा हजार रुपये ही रक्कम शहरातील श्रीमंत हौशी माणसाला किरकोळ वाटेल. या घरात तिच्यावर वडिलांचा मुलाविषयीचा विश्वास अवलंबून आहे. म्हणून हा खर्च कोठे करावा आणि कोठे करू नये, याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

प्रथम ही सायकल आहे कशी ते पाहावे. कमी किमतीच्या रोड बाईकची फ्रेम बहुधा अल्युमिनियमची असते आणि एकूण वजन अकरा किलोच्या आसपास भरते. मागील चाकावर सात किंवा आठ दातेरी चक्रे असतात. फ्रेम सामान्यतः चांगली असते, कारण तिच्यावरच कंपनीचे नाव असते आणि दोष निघाल्यास बोभाटा होतो. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी कारखानदार काटकसर करतो ती गिऱ्हाइकाच्या लक्षात पटकन न येणाऱ्या जागी. टायर जाड व ताठर घातले जातात, ब्रेकचे रबर कठीण असते, सीट सर्वांना चालेल अशी म्हणून कोणालाच धड न चालणारी असते, आणि चाकांचे आरे यंत्राने घाईत ताणलेले असतात. यांतील काही जागी कारखान्याने अगदी थोडे पैसे वाचविलेले असतात, पण चालविणाऱ्याला त्यापायी रोज त्रास सोसावा लागतो. अशा जागा शोधून तेथे पैसा घालणे, हे या विषयाचे सार आहे.

मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी एक महिना वही ठेवावी. किती किलोमीटर झाले, वाट कोणती होती आणि काय दुखले, काय घसरले, काय वाजले, एवढेच तीत लिहावे. ‘सायकल जुनाट वाटते’ ही तक्रार नव्हे. ‘चाळीस किलोमीटरनंतर तळहात बधिर होतात’, ‘आठवड्यात तीनदा पंक्चर झाले’, ‘असीरगडच्या चढावर शेवटच्या गिअरमध्येही पाय थांबतात’, या तक्रारी होत. वैद्य रोग विचारल्याशिवाय औषध देत नाही. सायकलीच्या दुकानातही हाच क्रम पाळावा. ज्या भागाविषयी वहीत महिनाभर एकही नोंद नाही, तो भाग कितीही साधा असला तरी त्याला हात लावू नये.

यानंतर ज्या सुधारणांना जवळजवळ पैसा लागत नाही त्या कराव्यात. पहिली सुधारणा सीटच्या उंचीची. भिंतीला किंवा खांबाला हात टेकून सीटवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली न्यावे. त्या वेळी गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. नंतर पायाचा चवडा पॅडलवर आला की गुडघ्याला योग्य तेवढा बाक राहतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवण्याची जुनी सवय आहे. बाजारातून जाताना तिचा उपयोग होतो; परंतु पन्नास किलोमीटरच्या वाटेवर तीच सवय गुडघे दुखविते आणि मांड्यांची शक्ती वाया घालविते.

दुसरी सुधारणा हवेची. बारीक टायर म्हणजे तो दगडासारखा कडक पाहिजे, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. खडबडीत रस्त्यावर अति फुगविलेला टायर प्रत्येक खड्यावर उडतो. पुढे जाण्याची शक्ती वर-खाली होण्यात खर्च होते आणि अंगाला हादरे बसतात ते वेगळेच. सत्तर किलोच्या माणसाला 25 मिलिमीटर रुंदीच्या टायरात ऐंशी-नव्वद पौंड आणि 28 मिलिमीटरच्या टायरात सत्तर-ऐंशी पौंड हवा सर्वसाधारणपणे पुरते. हवा भरण्याच्या बाबतीत लहान गावात एक अडचण येते. या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुधा बारीक, लांब व स्क्रूचा असतो, आणि नेहमीच्या दुकानातील पंपाचे तोंड त्यावर बसत नाही. क्षुल्लक किमतीची एक पितळी जोडनळी खिशात असली की ही अडचण संपते. घरी दाबमापक असलेला पायपंप असला तर फारच उत्तम.

तिसरी सुधारणा चाकांची आणि चेनची. मुलगा चाके बदलण्याच्या गोष्टी घेऊन एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे गेला, तर मिस्त्री चाक फिरवून पाहील आणि म्हणेल, “बेटा, चाकं नंतर बदल; आधी ह्यांचा आउट तर काढू दे.” हा सल्ला खरोखर मोलाचा आहे. आऱ्यांचा ताण सारखा करून चाक सरळ केले, हबमधील छर्रे फार घट्टही नाहीत आणि सैलही नाहीत असे बसविले, की निम्मी कुरकुर बंद होते. चेनचे माप तर शाळेच्या फूटपट्टीनेही घेता येते. चेनच्या एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंत अर्धा इंच अंतर असते. म्हणून चोवीस जोड बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. एका खिळीच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला आणि चोविसाव्या जोडाची खिळी बारा इंचांच्या रेषेपुढे इंचाच्या सोळाव्या हिश्श्याने गेलेली दिसली, तर चेन झिजली असे समजून ती बदलावी. झिजलेली चेन वापरीत राहिल्यास ती मागच्या दातेरी चक्रांनाही खाते, आणि मग एका वस्तूच्या जागी दोन विकत घ्याव्या लागतात. नव्या सायकलीला हा प्रसंग लवकर येणार नाही. परंतु काळ्या मातीच्या आणि धुळीच्या या प्रदेशात चेन पुसून तिला बेताचे तेल देण्याचा नेम पहिल्या दिवसापासून हवा.

आता पैशांच्या सुधारणा. त्यांत पहिला मान टायरांचा. रबरी टायरात हवा भरण्याची कल्पना बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 साली व्यवहारात आणली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने ते टायर लावून बेलफास्टच्या मैदानावर भरीव टायरांच्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. त्याआधी तो काही अजिंक्य वीर गणला जात नव्हता. टायर हाच सायकलीचा जमिनीशी असलेला एकमेव संबंध होय, हे सत्य आजही तेवढेच खरे आहे. फिरताना टायर दबतो व पुन्हा फुगतो; या क्रियेत शक्ती खर्च होते. कारखान्याने दिलेल्या ताठर टायरांच्या जागी मऊ, लवचीक धाग्यांचे चांगले टायर घातले, तर ताशी 25 किलोमीटर वेगाला दहा-पंधरा वॅट शक्ती वाचू शकते. सामान्य हौशी सायकलस्वार दीर्घ काळ देऊ शकतो ती शक्ती सव्वाशे-दीडशे वॅट, म्हणजे जुन्या साठ वॅटच्या दोन-अडीच दिव्यांइतकी. तिचा दहावा हिस्सा केवळ टायर बदलल्याने हाती येत असेल, तर त्याहून स्वस्त सौदा दुसरा कोणता?

तथापि या भागात टायर निवडताना बाभळीला विसरून चालणार नाही. शर्यतीचे सर्वांत पातळ टायर वेगवान खरे, पण शेतवाटेच्या कडेला पडलेला एक काटा त्यांची सारी हुशारी संपवितो. येथे मधली निवड शहाणपणाची: चाल बऱ्यापैकी लवचीक, परंतु आतून काटे अडविणारी पट्टी असलेली. फ्रेम, चिमटा आणि ब्रेक यांमध्ये जागा असेल तर 25 ऐवजी 28 मिलिमीटर रुंदीचे टायर घ्यावेत. ती जागा आहे की नाही, हे मात्र विकत घेण्यापूर्वी मोजून पाहावे. सोबत एक जादा ट्यूब, दोन टायर-लिव्हर, ठिगळे आणि लहान पंप असावा. भर दुपारी पंक्चर होऊन चार मैल सायकल ढकलीत आणण्याचा प्रसंग आला की या वस्तूंची किंमत कळते.

दुसरा मान ब्रेकांचा. बऱ्हाणपुराहून खांडव्याच्या रस्त्याला लागले की सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड येतो. मैदानी रस्ता तेथे सातपुड्याच्या चढाला लागतो आणि किल्ल्याची टेकडी पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच उठलेली आहे. चढताना सायकलस्वार स्वतःच्या पायांवर अवलंबून असतो. उतरताना दोन इंच रबरावर. समजा, तो ताशी 40 किलोमीटर वेगाने उतरत आहे आणि वळणावर अचानक समोर ट्रक उभा दिसला. चांगली पकड असलेला ब्रेक त्याला सुमारे बारा मीटरांत थांबवील. पकड त्याच्या तीन-पंचमांश एवढीच असेल, तर थांबावयास वीस मीटरांहून अधिक लागतील. हा आठ मीटरांचा फरक म्हणजे जवळजवळ एका ट्रकची लांबी होय. घरी सुखरूप पोहोचणे आणि न पोहोचणे यांतील अंतर कधी कधी एवढेच असते.

आणि ही सुधारणा महागही नाही. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर मऊ व चांगल्या प्रतीचे रबर आणि नव्या, गुळगुळीत आतल्या तारा एवढे पुरते. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर पॅड, तार व तिचे न दबणारे बाह्य आवरण बदलावे. पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून अंतर आधीपासून वाढवावे, हेही ध्यानात ठेवावे. चमकदार वस्तूंच्या यादीत ब्रेकचे रबर कधी आढळत नाही. सुज्ञाच्या यादीत ते वरच्या ओळींत असते.

तिसरा मान ज्या जागी शरीर सायकलीला टेकते त्या जागांचा: सीट, हँडल आणि पॅडल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली दोघांचा संघ करून ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. तेथे मान, तळहात आणि बैठक यांनी असहकार पुकारला की उत्तम सायकलही निरुपयोगी ठरते. 1983 सालच्या स्पर्धेत मायकेल शर्मर या स्पर्धकाची मान डोके पेलेनाशी झाली. त्या विकाराला तेव्हापासून त्याचेच नाव पडले आहे. जैनाबादच्या तरुणाला खंड ओलांडावयाचा नसला, तरी चार तासांच्या फेरीत हाच नियम लहान प्रमाणात अनुभवास येतो.

सीट मऊ असली म्हणजे चांगली, हा भ्रम आहे. फार मऊ सीटवर बैठकीची हाडे रुततात आणि नको त्या ठिकाणी दाब येतो. बैठकीच्या दोन हाडांमधील अंतराला योग्य अशी रुंदी महत्त्वाची. म्हणून प्रथम सीट समतल करून पाहावी, मग आतून गादी असलेली सायकलस्वाराची अर्धी विजार घ्यावी. बहुतेकांची तक्रार तेवढ्याने मिटते. ती मिटली नाही तरच नवी सीट. हँडलवर जरा जाड पट्टी गुंडाळली आणि हँडल फार दूर वाटत असल्यास त्याची मान, म्हणजे स्टेम, आखूड बसविली की हातांचा बधिरपणा पुष्कळदा जातो. बुटाला जोडले जाणारे पॅडल 1985 साली बर्नार इनो यांनी फ्रान्सची प्रसिद्ध स्पर्धा जिंकली तेव्हापासून लोकप्रिय झाले. ते उपयुक्त आहेत. परंतु त्यांसाठी वेगळे बूट लागतात आणि पाय सोडविण्याचा सराव लागतो. पहिल्या वर्षी त्यांची घाई करण्याचे कारण नाही.

येथेच हवेचा विचार केला पाहिजे. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती वारा कापण्यात जाते. 25 वरून 30 किलोमीटरवर वेग न्यावयाचा तर हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ पाऊणपट वाढते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. आणि वारा मुख्यतः अडतो तो सायकलस्वाराच्या अंगाला. सायकलीचा वाटा त्यात लहान. 1989 साली फ्रान्सच्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा लोराँ फिन्यों याच्या 50 सेकंद मागे होता. हात जवळ आणून पुढे झुकता येईल असे जोड-हँडल त्याने वापरले आणि साडेचोवीस किलोमीटरच्या त्या टप्प्यानंतर संपूर्ण स्पर्धा 8 सेकंदांनी जिंकली. तसले हँडल वाहनांच्या रस्त्यावर वापरू नये, कारण त्यात हात ब्रेकपासून दूर जातात. पण वाकड्या हँडलचा खालचा भाग प्रत्येक रोड बाईकला असतोच. कोपर वाकवून, पाठ खाली नेऊन तो धरण्याचा सराव केला, तर महागड्या चाकांनी मिळतो त्याहून मोठा लाभ एकही रुपया न खर्चता पदरात पडतो.

चौथा प्रश्न चढाचा. ‘शेवटच्या गिअरमध्येही पाय थांबतात’ अशी नोंद वहीत असेल, तर मागील दातेरी चक्रांचा संच बदलणे हा खरा उपाय. पुढे 34 दाते आणि मागे 28 दाते असताना, मिनिटाला 60 वेळा पॅडल फिरविल्यास सायकल ताशी सुमारे 9.2 किलोमीटर वेगाने जाते. मागे 34 दाते असतील तर त्याच पॅडलगतीला वेग सुमारे 7.6 किलोमीटर होतो. सायकल आणि माणूस मिळून 82 किलो धरले, तर आठ टक्क्यांच्या चढावर पहिल्या स्थितीत केवळ चढण्यासाठी सुमारे 164 वॅट लागतात, दुसऱ्या स्थितीत 135. पहिला आकडा हौशी माणसाला धाप लावतो. दुसरा त्याला माथ्यावर पोहोचवितो. मात्र गिअर बदलणारा मागचा भाग, म्हणजे डीरेलर, किती दात्यांपर्यंत चालतो हे आधी पाहावे, आणि मोठ्या चक्रांसाठी चेनही लांब लागेल हे लक्षात घ्यावे. ज्याला मोठे गिअर कमीपणाचे वाटतात, त्याने एक गोष्ट जाणून घ्यावी. फ्रान्सच्या स्पर्धेचे संस्थापक आंरी देग्रांज यांनाही गिअर बदलण्याचे यंत्र म्हणजे दुबळ्यांचे साधन वाटे, आणि 1937 सालापर्यंत तेथे त्याला मज्जाव होता. आज त्याच्याविना तेथे कोणी उभा राहत नाही.

आता मोहाच्या दोन मोठ्या जागा. पहिली वजनाची. वरच्याच 82 किलोंचा हिशेब पुढे चालवू. अडीचशे मीटर उंची चढण्यास, चढासाठी 150 वॅट शक्ती सतत दिली, तर सुमारे बावीस मिनिटे लागतात. हजारो रुपये खर्चून सायकलीचे वजन अर्ध्या किलोने घटविले, तर या बावीस मिनिटांतील आठ सेकंद वाचतात. अर्धा किलो म्हणजे बाटलीतील अर्धा लिटर पाणी. शर्यतीतील व्यावसायिक खेळाडूला आठ सेकंद मोलाचे असतील. जैनाबादहून सकाळी निघून गडाच्या पायथ्याशी चहा पिणाऱ्याला ते कपाच्या पहिल्या घोटाइतकेही नाहीत. चाके हलकी असली की प्रत्येक धक्क्याला सायकल चपळ वाटते हे खरे. पण स्थिर गतीने चढताना चाकातील वजन आणि इतरत्रचे वजन यांत फरक पडत नाही. म्हणून नवी चाके ही शेवटची सुधारणा. जुनी चाके झिजली किंवा वारंवार आउट जाऊ लागली, तर तेव्हा त्यांचा विचार करावा.

दुसरी मोहाची जागा गिअरच्या संपूर्ण संचाची. आठ चक्रांच्या जागी दहा-अकरा चक्रे हवीत असे वाटले की एक भाग बदलून भागत नाही. हँडलवरील खटके, मागचा-पुढचा डीरेलर, चक्रे, चेन, अशी रांगच लागते. सात चक्रांच्या काही सायकलींत मागचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसविलेले असते. तेथे मग चाकही बदलावे लागते. सारी बेरीज करून पाहिली तर ती सायकलीच्या मूळ किमतीच्या जवळ जाते, आणि फ्रेम तर तीच राहते. असा खर्च करण्यापेक्षा आहे तो संच झिजेपर्यंत वापरावा, पैसे बाजूला टाकीत जावेत आणि तीन-चार वर्षांनी दुसरी चांगली सायकल घ्यावी. जुनी तेव्हा धाकट्या भावंडाच्या कामी येईल.

मग त्या दहा हजारांचे काय करावे? जुन्या हिशेबाने रुपयाचे सोळा आणे धरले, तर वाटणी अशी होऊ शकेल. चार आणे हेल्मेट आणि पुढच्या-मागच्या दिव्यांना; केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर ज्या रस्त्यावर पहाटे धावतात तेथे हा खर्च सर्वांच्या आधी. पाच आणे टायर, ट्यूब व पंक्चरच्या साहित्याला. दोन आणे ब्रेकांना. तीन आणे विजार, हँडलची पट्टी आणि लागलीच तर सीट यांना. उरलेले दोन आणे चाकांचा आउट काढणे, तेल आणि तारा यांना. गडाचा चढ नित्याचा असेल, तर सीटचा वाटा दातेरी चक्रांकडे वळवावा. या यादीतील एकही वस्तू शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरणारी नाही, हे कबूल केले पाहिजे.

परंतु बऱ्हाणपूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. सतराव्या शतकाच्या आरंभी या शहरासाठी बांधलेला कुंडी भंडारा अजून पाहावयास मिळतो. शंभराहून अधिक कुंड्या भूमिगत बोगद्याने एकमेकींना जोडल्या आहेत आणि कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर, पाणी त्यांतून वाहत आले. वरून पाहणाऱ्याला जमिनीवर ओळीने उभी असलेली कुंड्यांची तोंडे तेवढी दिसतात. शहराची तहान भागविली ती खालच्या न दिसणाऱ्या उताराने.

लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारांसाठी जगभर ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्या भरतात. भारतातही त्या होतात. त्यांतील 200 किलोमीटरच्या फेरीला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे विश्रांती धरून ताशी पंधरा किलोमीटरांहूनही किंचित कमी वेग पुरतो. बरोबर बसविलेली, नीट हवा भरलेली, खात्रीने थांबणारी पंचवीस हजारांची सायकल हे काम करू शकते. उरते ती चालविणाऱ्याची तयारी, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. आठवड्यातून तीन-चार सकाळी तापीचा पूल ओलांडूनच ती मिळवावी लागते.

खर्चाची शेवटची परीक्षा मुलाने स्वतःच्या घरी द्यावी. संध्याकाळी वही आणि दुकानाच्या पावत्या वडिलांसमोर ठेवाव्यात आणि प्रत्येक वस्तू का घेतली ते एका वाक्यात सांगावे. ‘काटे लागत होते म्हणून टायर’, ‘उतारावर थांबत नव्हती म्हणून ब्रेक’, ‘अंधारात दिसत नव्हतो म्हणून दिवे’. शेतीची अवजारे ज्या माणसाने आयुष्यभर अशाच कारणांनी विकत घेतली, त्याला यापुढे काही विचारावे लागणार नाही. आणि ज्या वस्तूपाशी मुलाचे वाक्य अडखळेल, ती वस्तू दुकानातच राहू द्यावी.